अन्तिस्तासिस म्हणजे नुसता प्रतिकार नव्हे

सोलापुरात चार हुतात्म्यांचा विषय निघाला की ‘प्रतिकार’ हा शब्द येतोच. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. प्रतिकारात ‘कृ’ धातू आहे, उलट काही करण्याचा. जुन्या ग्रीकमधला अन्तिस्तासिस मात्र उभं राहण्याचा शब्द. ‘अन्ति’ म्हणजे समोर, ‘स्तासिस’ म्हणजे उभं असणं. आपला ‘स्था’ आणि हा ‘स्ता’ सख्खे भाऊ. पण उपसर्ग जुळवून ‘प्रतिष्ठा’ असं भाषांतर केलंत तर फसाल! ‘समोर ठाकणं’ जास्त जवळचं.

क्रियापद अन्थिस्तेमि. मूळ ‘हिस्तेमि’तला ह मागच्या ‘त’ला चिकटून ‘थ’ झाला, म्हणून कोशात ‘अन्ति’खाली शोधणाऱ्याला ते सापडत नाही. वर्तमानकाळी कर्तरी रूपाचा अर्थ ‘समोर उभं करणं’, सकर्मक. ‘अन्तेस्तेन’ या भूतकाळी रूपाचा अर्थ ‘समोर उभा राहिलो’, अकर्मक. रूप न बघता अर्थ लावला की वाक्य उलटं होतं.

ज्याच्यासमोर ठाकायचं तो चतुर्थीत येतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. बायबलमध्ये मत्तय ५:३९ ला येशू ‘दुष्टासमोर ठाकू नका’ असं सांगतो. त्यातलं ‘तो पोनेरो’ (दुष्टासमोर) हे चतुर्थीचं रूप पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हीकडे सारखंच. तेव्हा अडवायचं नाही ते दुष्ट माणसाला की दुष्टपणाला, हे व्याकरण सांगत नाही. याकोब ४:७ मध्ये तेच क्रियापद आज्ञार्थी येतं: सैतानासमोर ठाका.

नुसता ‘स्तासिस’ वाचताना सावध राहावं, कारण त्याचा अर्थ गटबाजी, शहरातली यादवी असाही होतो. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस कोर्किरा बेटावरच्या यादवीला हाच शब्द लावतो. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या आठव्या भागात एका माणसाच्या मनातच स्तासिस आणि अन्तिस्तासिस जुंपतात.

वक्तृत्वशास्त्रात अन्तिस्तासिस हा बचावाचा एक प्रकार: कृत्य कबूल, पण त्यातून मोठं भलं झालं. ‘रेटोरिका आद हेरेनियम’ या जुन्या लॅटिन ग्रंथातलं उदाहरण पोपिलियस या रोमन सेनापतीचं. गॉल लोकांनी वेढल्यावर त्यानं सामान सोडलं आणि फौज वाचवली.

आजच्या ग्रीकमध्ये उच्चार ‘अन्दीस्तासी’. १९४१ ते ४४ चा नाझीविरोधी लढा तोच, शाळेच्या विज्ञानातला ‘रोध’ही तोच, आणि गिझरची जळालेली कॉइल बदलायची असेल तर दुकानात मागायचं तेही अन्दीस्तासीच.