बसच्या प्लायवूडखाली

गेल्या दिवाळीत विकत घेतलेल्या जुन्या शाळेच्या बसचे फिरते घर करण्याच्या आमच्या छंदातला आजचा रविवार संपूर्णपणे गंज काढण्यात गेला. आसनांचे बोल्ट ग्राइंडरने कापून जमिनीचे प्लायवूड उचलले, तेव्हा मागच्या चाकांच्या वरच्या भागातील पत्रा, जिथे वर्षानुवर्षे पावसाचे पाणी झिरपून साचत राहिले होते, अक्षरशः पापडासारखा हातात आला. मन क्षणभर खचले. पण खालच्या चॅसिसवर, म्हणजे बसच्या मूळ लोखंडी सांगाड्यावर, हातोडीने ठोकून पाहिल्यावर आवाज खणखणीत आला, म्हणजे तो शाबूत होता, आणि तो ऐकून झालेला आनंद मला शब्दांत मांडता येणार नाही.

कुजलेला पत्रा कापला, उरलेला भाग तारेच्या ब्रशने घासला आणि त्यावर झिंक प्रायमरचा हात दिला. नवा पत्रा पुढच्या आठवड्यात वेल्डिंगने बसेल.

संध्याकाळी चिरंजीवांसोबत खडूने आतली आखणी केली. १५० लिटर पाण्याची टाकी म्हणजे १५० किलो वजन. त्यामुळे ती मागे टोकाला न ठेवता दोन्ही आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवायची, हे ठरले. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २.४ युनिट वीज साठवते. पंखा, दिवे आणि छोट्या फ्रीजला रात्रभर तेवढी पुरेल.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खालील, वाहनात बदल करण्याच्या परवानगीसाठीची कागदपत्रे उद्या आरटीओत घेऊन जाणार आहे.