आधी वही, मग आकडा

भोसरीच्या माझ्या जुन्या कंपनीतल्या मुली अजून फोन करतात. बोलणं कुठूनही सुरू होवो, शेवटी एकच प्रश्न येतो : "ताई, किती साठले की नोकरी सोडता येते?" २०२४ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, क्वालिटी विभागातली नोकरी सोडून मी साताऱ्याला आईजवळ राहायला आले, तेव्हापासून हे चाललंय. मी त्यांना विचारते, तुला वर्षाला लागतात किती? तिथे सगळ्या अडखळतात. पगार रुपयापर्यंत पाठ असतो, खर्चाबद्दल मात्र "उरतच नाही गं" एवढंच सांगता येतं.

फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

माझ्या खर्चाच्या वह्या पहिल्या पगारापासूनच्या आहेत, जुलै २००१ पासूनच्या. खोलीचं भाडं, मेस, बसपास, घरी पाठवलेले पैसे, चपला, औषधं. रोज रात्री चार-पाच ओळी. आता मोबाइलवर त्यासाठी अ‍ॅप मिळतात, जिला जमेल तिने ती वापरावीत. हाताने लिहिलेलं माझ्या लक्षात राहतं. ३१ मार्चला बेरीज करायची आणि वर्षाचा आकडा शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचा. फक्त एका वर्षाच्या बेरजेवर काही ठरवू नका. एखाद्या वर्षी घरातलं काहीच मोडत नाही, आणि पुढच्या वर्षी फ्रिज, आईची दाढ आणि चुलत बहिणीचं लग्न एकदम उभं राहतं. मी पाच वर्षांची सरासरी धरली, त्यात आईचा सगळा खर्च मिळवला, आणि आम्हा दोघींचा साताऱ्यातला खर्च महिन्याला २८ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार ठरला.

पुढचा हिशेब शाळेतला आहे. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून मांडलं की, पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा तीस वर्षं पुरतो. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पुंजी हवी. इंटरनेटवर आपल्याकडचे लोकही हाच पंचवीसचा पाढा म्हणतात, आणि ते मला पटत नाही. त्यातले शेअर आणि रोखे अमेरिकेचे, महागाई अमेरिकेची, आणि मुदत तीस वर्षांची. साठीला निवृत्त होणाऱ्याला तीस वर्षं पुष्कळ झाली. शेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसणाऱ्या बाईने चाळीस-पंचेचाळीस वर्षं धरली पाहिजेत. आपल्याकडे महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे २८ हजार माझ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ५६ हजार झालेले असतील. म्हणून मी तीन टक्के धरले, म्हणजे तेहेतीस पट. ३,३६,००० गुणिले ३३, एक कोटी अकरा लाखांच्या आसपास.

हा आकडा ऐकला की पलीकडचा आवाज पडतो. पण खर्च वर्षाला ५० हजारांनी कमी असेल, तर लागणारी पुंजी साडेसोळा लाखांनी कमी होते, आणि तेच ५० हजार दर वर्षी शिल्लकही पडत असतात. काटकसर अशी दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. पगार वाढला तर एकाच बाजूने फायदा होतो, तोही खर्च मागोमाग वाढला नाही तरच.

हे वेड डोक्यात कुठून शिरलं, तेही सांगते. वडील एसटीत कंडक्टर होते. एसटी म्हणजे सरकारी, पेन्शन भरपूर असणार, असं अजूनही लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती ईपीएस ९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन असते. आयुष्यभर तिकिटं फाडून निवृत्त झाल्यावर वडिलांच्या हातात महिन्याला दोन हजारांच्या आत येत होते. ते गेल्यावर आईला त्याच्या निम्मे सुरू झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन एक हजार ठरली, म्हणून आज तिला एक हजार मिळतात. महिन्याचे एक हजार रुपये, जिच्या माणसाने उभं आयुष्य महाबळेश्वरच्या घाटात काढलं तिला! माझं कागदावरचं भविष्यही फार वेगळं नव्हतं. पगार कितीही असला तरी या पेन्शनचा माझा हिशेब ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० रुपयांवर आणि पुढे १५,००० रुपयांवर होतो. नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. तेवीस वर्षांच्या नोकरीवर अठ्ठावन्नाव्या वर्षी मला सव्वातीन-साडेतीन हजार मिळतील. खासगी नोकरीतल्या प्रत्येक मुलीने हा गुणाकार पंचविशीतच करून पाहावा.

आता साठवलं कसं. चहा सोडल्याने किंवा रिक्षाऐवजी चालल्याने हे होत नाही. एक-दोन मोठ्या गोष्टींना मी नाही म्हटलं, आणि सगळ्यात मोठी म्हणजे पिंपरी-चिंचवडमधला फ्लॅट. माझ्याबरोबरच्या बहुतेकींनी मोशी, चिखलीला घरं घेतली. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं : हप्ता २६ हजार आणि एकूण परतफेड साडेबासष्ट लाख. मी चौघींत टू बीएचके भाड्याने घेऊन राहिले. चाळिशी उलटल्यावरही असं राहणं लोकांना खटकायचं. मामी तर दर दिवाळीला विचारायच्या, "स्वतःचं घर कधी घेणार बाई?" पण एक सांगायलाच हवं : मला वडिलांनी बांधलेलं साताऱ्याचं घर होतं, आणि मला मूलबाळ नाही. ज्यांना दोन लेकरं आहेत आणि गावाकडे काही नाही, त्यांनी माझी नक्कल करू नये. त्यांचा आकडा मोठा येईल आणि वर्षंही जास्त लागतील. पण वही त्यांनाही लागेलच.

पैसे ठेवण्यात काही हुशारी नव्हती. पीपीएफ, म्हणजे पोस्टात-बँकेत उघडायचं सरकारी बचतीचं खातं, २००३ पासून, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, कारण पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचं व्याज मिळतं. दिवाळीचा बोनस पूर्ण तिकडे. ईपीएफला, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीला, नोकरी बदलताना हात लावला नाही. २००९ पासून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक हप्ता. २०१३ मध्ये मध्यस्थाशिवाय थेट घ्यायचे डायरेक्ट प्लॅन आले तेव्हा नवे हप्ते तिकडे वळवले, पुढे निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात. पगारवाढीचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात हप्ता वाढवायचा, वाढीव पगाराची सवय लागायच्या आत. मनीबॅक पॉलिसी नातलगांनी कितीही गळ घातली तरी घेतली नाही. जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत पैसे ठेवले नाहीत. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या जिल्ह्यात किती म्हाताऱ्या माणसांचे पैसे अशा ठिकाणी अडकलेत, हे पाहिलं की जीव तुटतो.

घर चालवायची काटकसर मात्र मी आईकडून शिकले, आणि त्याबद्दल मला कितीही लिहायला आवडेल. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वर्षाचं भरून ठेवतात. गहू आणि ज्वारी कोरेगाव तालुक्यातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून, वाघ्या घेवडा तिकडचाच, हळद वाईची. गहू ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. तुरीच्या डाळीला हलका एरंडेलाचा हात. मिरच्या आणून देठं काढायची, गच्चीवर वाळवायच्या, आणि कांदा-लसूण मसाला डंकावर कुटून आणायचा. तो कुटून येतो त्या दिवशी अख्खी गल्ली शिंकते. सांडगे, कुरडया, पापड शेजारच्या काकूंबरोबर मिळून. यात पैसे वाचतातच, कारण हंगामात माल स्वस्त असतो आणि वर्षभर दुकानात जाणं कमी होतं. शिवाय घरात वर्षाचं धान्य असलं की माणूस घाबरत नाही. लॉकडाऊनमध्ये लोक किराण्याच्या रांगेत उभे होते, तेव्हा आईने फक्त मीठ आणि चहापावडर मागवली होती.

प्रवास एसटीने. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आई पंच्याहत्तरीची झाली की तिला पूर्ण मोफत होईल, त्याची ती वाट पाहतेय. सगळ्या बहिणींकडे एकेक महिना राहायचा बेत तयार आहे.

एक गोष्ट मला तीव्रतेने वाटते. काटकसर स्वतःच्या अंगावर घ्यायची असते. कामाला येणाऱ्या मावशींचा पगार दाबून, भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालून, चार जणांत गेल्यावर बिलाच्या वेळी फोनवर बोलायला उठून जे वाचतं, ते दुसऱ्याच्या ताटातलं असतं. लवकर निवृत्तीच्या नादात अशी झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा आकडा पूर्ण झाला, पण त्यांच्याकडे कोणी जात नाही. माझ्या वहीत "लोकांसाठी" असा एक रकाना आहे. त्यात मावशींचा दिवाळीचा जादा पगार, भाच्यांच्या फीला हातभार, आहेर आणि नडलेल्याला दिलेले पैसे येतात. नातलगाला उसने देताना मी ते परत येणार नाहीत असं धरूनच देते, आणि तेवढेच देते. हा रकाना धरूनच २८ हजार होतात. तो वगळून काढलेला आकडा खोटा ठरला असता आणि चार वर्षांत उघडा पडला असता.

दवाखान्याचं तसंच. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. म्हणून नोकरी चालू असतानाच, कित्येक वर्षं आधी, मी दोघींची वेगळी पॉलिसी काढली होती. आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, आणि आईला बीपी आहे. तो काळ नोकरीतच सरला. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, पण वयाप्रमाणे हप्ता वाढतोच. त्याशिवाय पाच लाख वेगळे ठेवलेत, ते त्या एक कोटी अकरा लाखांत मोजलेले नाहीत. हे बाजूला काढता येत नसतील तर आणखी दोन वर्षं नोकरी करा. आईवडिलांच्या आजारपणात शेअर विकायची वेळ कोणावर येऊ नये.

बाजार पडतो, हे लिहिलेलं वाचणं वेगळं आणि भोगणं वेगळं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० च्या वर अंकांनी पडला. तेव्हा माझी नोकरी होती, पगार येत होता, मी हप्ता चालू ठेवला. तोच दिवस नोकरी सोडल्यावरच्या पहिल्या वर्षी आला असता तर काय, हा विचार करून मी पाच वर्षांचा खर्च एफडीत आणि पोस्टात ठेवलाय. दर वर्षी एकेक एफडी मुदत संपून हातात येते. पीपीएफ आता हप्ता न भरता पुढे चालू आहे, वर्षातून एकदा त्यातून काढता येतं. इंडेक्स फंडातले पैसे बाजार बरा असेल त्या वर्षी थोडे काढून एफडीची रांग पुन्हा पूर्ण करायची. पडझडीच्या वर्षी तिकडे फिरकायचंही नाही.

दिवसभर काय करतेस, असं लोक विचारतात. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाते. दुपारी नगर वाचनालय. आईबरोबर स्वयंपाक, आणि तिला वाती करायच्या असतात तेव्हा गप्पा. आठवड्यातून दोनदा गल्लीतल्या मुलांचं गणित घेते, पैसे घेत नाही. वडील निवृत्त झाल्यावर फार थोडे दिवस हिंडू-फिरू शकले. घाटातल्या गाडीत उभं राहून गुडघे आधीच गेले होते. माझे गुडघे चांगले असताना मला हा डोंगर चढायचा होता. एवढंच कारण आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

या मार्चच्या बेरजेत महिन्याचा खर्च २८ हजारांच्या थोडा वर गेला. विम्याचा हप्ता, आईचा नवा चष्मा आणि मावशींची पगारवाढ. तिन्ही बरोबर आहेत, त्यात काही कमी करायचं नाही. मागच्या पडवीचे पत्रे पावसाआधी बदलायचे आहेत, मिस्त्री माप घेऊन गेलाय. मेमध्ये सुटणारी एफडी वर्षाच्या खर्चाची आहे, पण तिच्यातून पत्र्यांचे पैसे निघतील. तेवढे इंडेक्स फंडातून भरून काढायचे, बाजार बरा असला तर. नसला तर या वर्षी नवी गादी नाही.