कॅप-१ आहे की नाही, हे अँटिबॉडी सांगत नाही

सीएमटीआर१ हे जनुक माणसाच्या सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. त्याचं प्रथिन ८३५ अमिनो आम्लांचं, आणि काम दिसायला क्षुल्लक: एमआरएनएच्या सुरुवातीच्या, म्हणजे पाच-प्राइम टोकावर ग्वानिनची एक टोपी असते, ती कॅप; तिला लागून असलेल्या पहिल्या न्यूक्लिओटाइडच्या रायबोज साखरेवर, २′ जागेवर, एक मिथाइल बसवायचा. तो मिथाइल सॅमकडून, म्हणजे एस-अ‍ॅडिनोसिल मेथिओनिनकडून येतो. मिथाइल बसण्याआधीची कॅप-०, बसल्यावरची कॅप-१. दुसऱ्या न्यूक्लिओटाइडवर तसाच मिथाइल सीएमटीआर२ बसवतं, ती कॅप-२.

जुने पेपर शोधताना एक लक्षात ठेवा. हेच जनुक एफटीएसजेडी२, केआयएए००८२, एमटीआर१ आणि आयएसजी९५ या नावांनीही सापडतं. शेवटचं नाव सगळ्यात उपयोगी, कारण आयएसजी म्हणजे इंटरफेरॉनने (विषाणूविरुद्धच्या धोक्याच्या संदेशाने) चेतणारं जनुक; हे जनुक इंटरफेरॉनने वाढतं हे त्या नावातच आहे. ते पुढे नडतं.

एवढ्याशा मिथाइलचं महत्त्व कशात? आयएफआयटी१ हे प्रथिन कॅप-० असलेला आरएनए पकडून त्याचं भाषांतर अडवतं. परका आरएनए हुडकणारा रिग-आय हा पहारेकरीही २′ मिथाइल असलेल्या कॅपकडे दुर्लक्ष करतो, कारण त्याच्या खोबणीतलं एक हिस्टिडीन त्या मिथाइलला आत शिरू देत नाही. म्हणून या पहाऱ्यातून सुटायला करोनाविषाणू हा मिथाइल स्वतःच्या एनएसपी१६ एन्झाइमने लावून घेतात. इन्फ्लुएन्झा तर पेशीच्या आरएनएची तयार कॅपच कापून पळवतो.

आता मोजणीकडे. एम७जी म्हणजे सातव्या नायट्रोजनवर (एन७) मिथाइल असलेलं ग्वानिन, कॅपचं ग्वानिन असंच असतं. एम७जी अँटिबॉडीचा डॉट ब्लॉट करून (आरएनएचे थेंब पटलावर लावून अँटिबॉडीने तपासून) 'कॅप-१ आहे' म्हणणं चूक. ती अँटिबॉडी फक्त ग्वानिनवरचा मिथाइल ओळखते, रायबोजवरचा नाही. शिवाय एकूण आरएनए लावलात तर टीआरएनए आणि रायबोसोमचा १८एस आरआरएनए यांच्या आतला एम७जीही उजळतो.

खरी खूण आरएनए कापणारं आरनेज टी२ देतं. या एन्झाइमला साखळी तोडायला शेजारचा मोकळा २′ हायड्रॉक्सिल लागतो. कॅप-०मध्ये तो मोकळा असतो, म्हणून पहिल्या न्यूक्लिओटाइडनंतरच तुकडा पडतो. कॅप-१मध्ये तिथे मिथाइल बसलेला असतो, म्हणून कात्री एक घर पुढे सरकते आणि तुकडा एका न्यूक्लिओटाइडने लांब येतो. कॅप-२मध्ये आणखी एकाने. न्यूक्लिएज पी१ या दुसऱ्या कापणाऱ्या एन्झाइमला मात्र हा अडसर नडत नाही. त्याने कॅप-० आणि कॅप-१चे तुकडे सारख्याच लांबीचे पडतात, फरक फक्त १४ डाल्टनचा, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर हवाच (किंवा चांगली जमलेली पातळ थर क्रोमॅटोग्राफी). आरआरएनएच्या आतही २′-ओ-मिथाइल पुष्कळ असतात, त्यामुळे पॉली-ए निवड (पॉली-ए शेपटीवरून फक्त एमआरएनए वेगळा काढणं) एकदा नाही, दोनदा करा.

नळीत कॅप-१ बनवायची असेल तर बाजारात मिळणारं एन्झाइम सहसा व्हॅक्सिनिया विषाणूचं असतं. त्याला आधीपासून एम७जी असलेली कॅपच लागते. मानवी सीएमटीआर१ इतकं हट्टी नाही, ते एन७ मिथाइलशिवायही काम करतं. आरएनए १० मायक्रोग्रॅमपर्यंत, पाण्यासह १६ मायक्रोलिटर घ्या. तो ६५ अंशांवर ५ मिनिटं तापवून लगेच ५ मिनिटं बर्फात ठेवा. मग दहापट तीव्रतेचा बफर २ मायक्रोलिटर, ४ मिलिमोलर सॅम १ मायक्रोलिटर आणि एन्झाइम १ मायक्रोलिटर घाला. एकूण २० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक तास. २००पेक्षा कमी न्यूक्लिओटाइडचा आरएनए असेल तर दोन तास.

तापवण्याची पायरी गाळू नका. पाच-प्राइम टोक घडी घालून बसलं असेल तर एन्झाइमला कॅपपर्यंत पोचताच येत नाही. पेशीत हे टोक उघडायला डीएचएक्स१५ हेलिकेज मदत करतं. गंमत म्हणजे तेच हेलिकेज सीएमटीआर१ला चिकटून त्याची क्रियाशीलता कमी करतं, असेही प्रयोग आहेत. त्याची भूमिका एका वाक्यात मिटवणाऱ्या आकृत्यांवर म्हणून माझा फारसा विश्वास नाही. दुसरं दुखणं सॅमचं: ३७ अंशांवर उदासीन पीएचला ते टिकत नाही. पातळ केलेलं सॅम त्याच दिवशी वापरा, उरलेलं टाकून द्या. वापरलेल्या सॅमपासून उरणारं एस-अ‍ॅडिनोसिल होमोसिस्टीन एन्झाइमला अडवतं, म्हणून 'जास्त आरएनए, तेवढंच सॅम' हा हिशेब जमत नाही.

पेशीत सीएमटीआर१ एसआयआरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) दाबताना ते आयएसजी९५ नाव आठवा. आत सोडलेला आरएनए स्वतःच इंटरफेरॉन चेतवू शकतो, आणि मग जे दाबायचं तेच जनुक वर येतं. निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए आणि काहीच न सोडलेल्या पेशी, दोन्ही तुलनेला ठेवा आणि आयएफआयटी१ची पातळीही मोजा; तेही इंटरफेरॉनने वाढतं, म्हणून इंटरफेरॉन चेतलं का ते कळतं. नंतर एसआयआरएनएला न जुमानणारं सीएमटीआर१ परत घाला, एकदा शाबूत आणि एकदा केडीकेई चौकडीतलं (मिथाइल बसवणाऱ्या चार अमिनो आम्लांतलं) एक लायसिन अ‍ॅलनिन करून मृत केलेलं. मृत रूपानेही परिणाम पूर्ववत झाला, तर तो मिथाइलचा नव्हता. या प्रथिनाला डब्ल्यूडब्ल्यू डोमेन नावाचा भाग आहे, त्याने ते एमआरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२च्या शेपटाला धरतं. तेव्हा पुढचं म्युटेशन तिथे करा.