झोप पुरेशी, रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा

त्या काळात मी सकाळी उठतानाच दमलेली असायचे. रात्री सात-आठ तास अंथरुणात काढूनही डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आजचा दिवस ढकलायचा कसा? कामाला बसलं की एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायचा आणि शेवटाशी येईतो सुरुवात विसरलेली असायची. समोर बसून कुणी बोलत असलं तरी त्याच्या वाक्याच्या मधूनच माझं मन निसटायचं. मग मान डोलवत राहायचं आणि नंतर तीच गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी विचारायची. दिवस मावळला की अंगात त्राण उरायचं नाही, आणि दिवसभरात केलं काय म्हटलं तर दाखवायला फारसं काही नसायचं.

अशी तक्रार कुणाकडे घेऊन जावं तेच कळत नाही. ताप आला तर ताप म्हणता येतं. ‘दमायला होतं, लक्ष लागत नाही’ म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘कुणाला होत नाही?’ घरातल्यांनी जीव तोडून काळजी घेतली. एकजण म्हणे भरपूर झोप, दुसरा म्हणे जरा फिरून ये, चार दिवस सुट्टी काढ. मी सुट्टीही काढली. पण पडून राहिले तरी डोकं थांबत नव्हतं. हे काम राहिलं, त्याला उत्तर द्यायचं राहिलं, हे असं झालं तर, ते तसं झालं तर. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी जेवढी थकलेली होते, तेवढी सुट्टीआधीही नव्हते. विश्रांती घेऊनही विश्रांती मिळत नाही, याचा सगळ्यात जास्त धसका मी घेतला होता.

सुरुवात शरीराच्या तपासण्यांपासून झाली आणि ती तिथूनच व्हायला हवी. थकवा कितीतरी आजारांत येतो. माझं हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, सगळं पाहिलं. फेरिटिनही पाहिलं, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो आणि त्यानंही माणूस थकतो. डॉक्टरांनी घोरण्याबद्दल विचारलं, कारण झोपेत श्वास अडखळत असेल तर आठ तास झोपूनही माणूस ताजातवाना उठत नाही. वजन घटतंय का, रात्री घाम येतो का, चालू असलेल्या एखाद्या गोळीनं सुस्ती येते का, हेही विचारलं. ‘मनाचं आहे’ असं परस्पर ठरवून या तपासण्या कुणी टाळू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

रिपोर्ट नॉर्मल आले आणि मला आनंद होण्याऐवजी रडू आलं. काहीतरी सापडलं असतं तर औषध तरी मिळालं असतं.

मग डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, ‘अंथरुणात पडल्यावर डोक्यात काय चालू असतं?’ मी सांगायला लागले आणि माझं सांगणं संपेचना. त्यांनी मला जीएडी-७ नावाची, चिंता किती आहे ते पाहणारी प्रश्नावली भरायला दिली. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करावी असं धरतात. निदान मात्र त्या आकड्यावर होत नाही, ते तज्ज्ञाशी बोलूनच होतं. मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे कळलं की सततच्या, आवरत नसलेल्या चिंतेला आजार म्हणताना ती निदान सहा महिने, बहुतेक दिवस असावी लागते आणि तिच्यासोबत येणारी सहा लक्षणं पाहतात: अस्वस्थता, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू ताठरणं आणि झोपेची तक्रार. मोठ्या माणसांत यांतली तीन पुरेशी असतात. थकवा आणि लक्ष न लागणं या माझ्या दोन्ही मोठ्या तक्रारी त्या यादीतच होत्या. इतके महिने मी त्यांना माझा आळस समजत आले होते.

हे दोन्ही एकत्र का येतं, ते समजलं तेव्हा खरा उलगडा झाला. काही वाचताना, हिशेब करताना, बोलणं ऐकताना आपण थोडीशी माहिती काही क्षण मनात धरून ठेवतो. ही जागा फार छोटी असते. चिंता नेमकी तिथेच बसते. मानसशास्त्रज्ञ मायकेल आयसेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेला एक सिद्धान्त सांगतो की चिंताग्रस्त माणसाचं काम बिघडेलच असं नाही, पण तेवढंच काम करायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. माझं अगदी हेच चाललं होतं. कामात चुका नव्हत्या, वेळ पाळली जात होती, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं. पण प्रत्येक ओळीसाठी मी दुप्पट मोजत होते. थकवा कुठून येतो, याचं उत्तर मला इथे मिळालं. त्यात भर शरीराची. धोका आहे असं मेंदूला वाटलं की स्नायू आवळले जातात, आणि ते दिवसभर आवळलेलेच राहिले तर बसल्या जागीही माणूस दमतो.

माझा जबडा असा आवळलेला असतो, हे मला समुपदेशकांनी विचारेपर्यंत ठाऊकच नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘आत्ता या क्षणी तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का?’ टेकलेले होते, नुसते टेकलेले नाही, दाबलेले. खांदे कानांकडे ओढलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली, पायाची बोटं बुटात वळलेली. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली एक पद्धत त्यांनी शिकवली: एकेक स्नायूगट काही सेकंद मुद्दाम ताणायचा, मग एकदम सैल सोडायचा आणि दोन्हींतला फरक नीट अनुभवायचा. पहिले काही दिवस फरकच कळत नव्हता. मग एका संध्याकाळी खांदे सोडले आणि ते खरोखर खाली आले. संध्याकाळची डोकेदुखी त्यानंतर कमी होत गेली.

दुसरा उपाय चिंतेला वेळ ठरवून देण्याचा. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली यावर काम केलं होतं. दिवसातला साधारण अर्धा तास काळजी करण्यासाठीच राखून ठेवायचा, जागा ठरलेली, वेळ ठरलेली, पण झोपेच्या तोंडावर नाही. एरवी चिंता आली की ती वहीत एका ओळीत लिहायची आणि हातातल्या कामाकडे परतायचं. ऐकताना मला हे पटलं नव्हतं. करून पाहिल्यावर मात्र याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. एकदा भर सकाळी वरिष्ठांचा निरोप आला, ‘उद्या बोलू.’ बस्स, तेवढाच. एरवी त्या दोन शब्दांनी माझा अख्खा दिवस खाल्ला असता. मी वहीत लिहिलं, ‘उद्या काय बोलणार असतील?’ आणि कामाला लागले. मन पुन्हा तिकडे गेलं, पुन्हा आणलं. संध्याकाळी वही उघडून स्वतःला विचारलं: यात आज मला करण्याजोगं काही आहे का? एकच होतं, चालू कामाचे कागद तयार ठेवणं. ते केलं. बाकीचं सगळं ‘असं झालं तर’ या खात्यातलं होतं. दुसऱ्या दिवशी बोलणं झालं ते सुट्ट्यांच्या वेळापत्रकाबद्दल. अर्थात दर वेळी शेवट इतका सोपा नसतो. काही काळज्या खऱ्या निघतात. पण त्यांच्यासाठी लागणारी ताकद तरी शिल्लक राहते.

झोपेबाबत तीन गोष्टी पाळल्या: उठायची वेळ रोज तीच, सुट्टीच्या दिवशीही, दुपारनंतर कॉफी बंद, कारण तिच्यातल्या कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, आणि झोप येत नसेल तर कूस बदलत न राहता उठून मंद उजेडात बसायचं. थकल्यावर चालायला जाणं जिवावर यायचं, तरी जायचे. लक्षाचं काम अगदी लहान घासांनी सुरू केलं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून थोडा वेळ एकच काम, मग थोडा खंड.

गोळ्यांबद्दलही लिहिते, कारण त्याविषयी भीती फार आहे. मला एसएसआरआय गटातलं, म्हणजे चिंता आणि नैराश्यासाठी रोज घ्यायचं औषध दिलं होतं. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट थोडी वाढली. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं नसतं तर मी गोळी सोडून दिली असती. परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात. बरं वाटलं म्हणून ही गोळी एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असते. लगेच शांत करणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात. त्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मनानं घेऊच नयेत. सगळ्यांनाच औषध लागतं असंही नाही, कित्येकांचं बोलण्याच्या उपचारांवर भागतं. आणि जगणं नकोसं वाटण्यापर्यंत मन गेलं असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून मदत गाठावी.

सुधारणा एका ओळीत आली नाही. आधी अंग सैल झालं, मग झोप, मग वाचलेलं थोडं थोडं लक्षात राहू लागलं. थकवा सगळ्यात शेवटी हलला, आणि त्यामुळे मधले कित्येक आठवडे मला वाटत राहिलं की काहीच होत नाहीये. या टप्प्यावर असलेल्यांनी फक्त थकव्याकडे पाहू नये. वाचताना मागे जावं लागणं कमी झालंय का, बोलणं ऐकताना सुटणारे धागे कमी झालेत का, ते पाहावं.

घरी मी सांगून ठेवलं आहे की ‘काळजी करू नकोस’ म्हणू नका, त्यानं काळजी जात नाही. त्याऐवजी ‘वहीत लिहिलंस का?’ एवढं विचारा. कामाच्या ठिकाणी आजाराचं नाव न घेता सकाळचा पहिला काही वेळ बैठकांशिवाय मागून घेतला. माझं डोकं तेव्हा सगळ्यात चांगलं चालतं, म्हणून अवघड काम तेव्हाच उरकते. काही आठवडे अजूनही जड जातात. तेव्हा नवीन कामं घेत नाही, समुपदेशकांची वेळ मागते आणि चालणं मात्र सोडत नाही.