पाचनईतली एकतीस डिसेंबर

३१ डिसेंबर २०२०, गुरुवार. मुंबई-पुण्यात रात्री अकरापासून संचारबंदी, पण ती महापालिकांच्या हद्दीपुरती. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई कुठल्या महापालिकेत येणार? दुपारी दोनपर्यंत गावातली खळी गाड्यांनी भरली, मग रस्त्याच्या दोन्ही कडा.

मी वनरक्षक. हा किल्ला अभयारण्यात येतो. परवानगीशिवाय मुक्काम नाही, जाळ तर नाहीच. नेहमीचा ट्रेकर मळक्या सॅकवरून ओळखू येतो. हे लोक निराळे होते. एक जण चाकांची बॅग ओढत कड्याखालच्या वाटेला लागलेला. "काका, वर चार्जिंग मिळेल ना?" नऊ महिने घरात कोंडलेली माणसं. हसावं की ओरडावं, कळेना. वेशीपाशी बाया नाकाला पदर लावून पिठलं-भाकरी वाढत होत्या. त्यांनाही मार्चनंतर पहिल्यांदाच गिऱ्हाईक दिसत होतं.

किती जणांना परत पाठवणार? आम्ही दोघे, आणि वाटा तर खिरेश्वरकडूनही येतात. संध्याकाळी वर पोचलो तर पुष्करणीत ताटं विसळणं चाललेलं. देवळापासून कोकणकड्यापर्यंत तंबूच तंबू. नव्वदपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. त्यातल्या बऱ्याच तंबूंच्या कोपऱ्यावर लाल ऑइलपेंटची एकच फुली. ती माझ्या ओळखीची होती. उन्हाळ्यात आमच्याकडे फायर वॉचर म्हणून, वणव्यावर नजर ठेवायला, राबणाऱ्या पोराची.

"साहेब, उचलू का?" त्यानंच विचारलं. "उचलतो. पण तंबूंचा हप्ता थकलाय, आणि एवढ्या रातीला ही माणसं झोपवू कुठं?"

मी 'जाळ नको' एवढंच बोललो. तेवढंच बोलून थांबायला नको होतं, खरं तर.

दत्तजयंती नुकतीच झालेली, चांदणं लख्ख. साडेदहाच्या सुमारास कड्याच्या अंगाला कुणाची तरी कोळशाची शेगडी कलंडली. डिसेंबरातलं गवत, त्यात कड्यावरचा वारा. लोक ओरडत पळाले, काहींनी मोबाइल काढले. पोरानं मात्र आधी आपलेच चार तंबू दोऱ्या कापून ओढले आणि ते गवत मोकळं केलं. एकाचं कापड तेवढ्यात वितळून आकसलं. मग तो, मी आणि गावातली पाच-सहा पोरं ओल्या फांद्यांनी झोडपत राहिलो. दोन पाहुणेही आले मदतीला, त्यातला एक चाकांच्या बॅगवाला. तासाभरात विझलं.

उजाडायच्या आत शेगडीवाले निघून गेले होते. त्यांच्या जागी नुसत्या काचेच्या बाटल्या.

सकाळी खाली येऊन पीओआरचं, म्हणजे वनगुन्ह्याच्या प्राथमिक अहवालाचं, बुक उघडलं. जळालेलं क्षेत्र, अंदाजे दीड गुंठा. कारण, शेगडी. आरोपीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. समोर तो पोरगा वितळलेला तंबू उलगडून ठिगळ कुठं बसेल ते बघत होता.

'अज्ञात इसम' लिहिलं.

"साहेब," तो मान वर न करता म्हणाला, "फेब्रुवारीत कामाला यायचं ना?"