मिस बेट्सची बडबड

जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये मिस बेट्सनी तोंड उघडलं की बरेच वाचक अर्धं पान सोडून पुढे जातात. त्यांना दोष कसा देणार? आईच्या चष्म्याचा निसटलेला खिळा, भट्टीतून भाजून आणलेली सफरचंदं, भाचीचं, म्हणजे जेनचं पत्र... बाईंना थांबणं म्हणून माहीत नाही. पूर्णविरामाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. लेखिकेने हे पानंच्या पानं, आणि चांगलं चवीने लिहिलंय. मला तर तिचा सगळ्यात बेरकी डाव इथेच दिसतो.

कादंबरी १८१५च्या डिसेंबरात आली. निवेदन तृतीयपुरुषी, म्हणजे सांगणारी तिऱ्हाईत. पण ही तिऱ्हाईत बहुतेक वेळ नायिका एमाच्या डोक्यात मुक्कामाला असते. गावचे पाद्री मिस्टर एल्टन एमाच्या मैत्रिणीवर, हॅरिएटवर भाळलेत, असं आपण वाचतो आणि निर्धास्त होतो. ‘एमाला वाटलं’ हे दोन शब्द लेखिका हळूच गाळते, त्यामुळे विशीतल्या लाडावलेल्या मुलीचा ग्रह आपल्याला साक्षच वाटू लागतो. मग नाताळच्या आदल्या रात्री घरी परतताना, बंद बग्गीत, एल्टन एमालाच मागणी घालतात!

निवेदन असं गंडवतं; खरं काय ते बोलण्यात सांडलेलं असतं. आणि तेही कुणाच्या, तर जिचं कुणी ऐकत नाही तिच्या. औषधं देणारे मिस्टर पेरी स्वतःची बग्गी घेणार होते, असं गावात पाहुणा आलेला तरुण फ्रँक चर्चिल सहज बोलून जातो. हे याला कुठून कळलं? तो म्हणतो, स्वप्नात पाहिलं असेल. तेवढ्यात मिस बेट्स मागून बडबडत येतात: बेत खरा होता हो, पण गुपित होतं, आमच्याखेरीज फार कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे जेननेच कळवलं असणार, आणि दोघांचा चोरून पत्रव्यवहार आहे! दोघांनी गुपचूप ठरवलेल्या लग्नाच्या अख्ख्या रहस्याची किल्ली या गडबडीत पडलेली. नेमक्या या प्रकरणात निवेदन एमाला सोडून तिचे जुने स्नेही मिस्टर नाइटली यांच्या नजरेने चालतं. संशय येतो तो त्यांनाच.

संवाद लिहिण्यात ऑस्टिनचा हात कुणी धरू नये. एल्टननी पुढे केलेली बायको, मिसेस एल्टन, स्ट्रॉबेऱ्या तोडतात तो परिच्छेद बघा. सुरुवातीला इंग्लंडातलं सर्वोत्तम फळ, मग चेरी त्याहून बरी, मग वाकून वाकून जीव गेला, सावलीत बसते कशी! अर्धा तास गेला, ऊन चढलं, हौस फिटली. सगळं बाईंच्याच तुटक बोलण्यातून.

बॉक्स हिलच्या सहलीत फ्रँक फर्मावतो: प्रत्येकाने एक फार हुशारीची गोष्ट बोलावी, किंवा दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स हसून म्हणतात, तीन रटाळ मला सहज जमतील. एमा म्हणते, पण अडचण आहे, एका वेळी तीनच बोलता येतील ना! वाचकालाही क्षणभर हसू येतं. बाईंना टोमणा कळायला थोडा वेळ लागतो, आणि मग त्या रागावत नाहीत, हेच जास्त लागतं. नाइटली एमाला नंतर जे सुनावतात ते त्या हसण्यालाही लागू पडतं.

आणि एवढं सगळ्यांना बोलू दिल्यावर, नाइटली मागणी घालतात तेव्हा एमा काय म्हणाली, ते लेखिका सांगतच नाही. म्हणते, जे म्हणायला हवं तेच. सभ्य स्त्री नेहमी तेच म्हणते. मिस बेट्स तिथे असत्या तर आपल्याला शब्दन् शब्द कळला असता.