‘गाठ पूर्ण निघाली का?’

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं की बाहेर ताटकळलेले नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात. साहजिक आहे. पण मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या गाठीचा पेशंट सहा महिन्यांनी कसा असेल, हे एवढ्यावर ठरत नाही. बरंचसं थिएटरात जाण्याआधीच ठरलेलं असतं आणि उरलेल्यातलं बरंच पुढच्या दोन आठवड्यांत, खाटेशेजारी ठरतं. ते खाटेशेजारचं नातेवाइकांच्या हातात असतं, आणि नेमकं तेच त्यांना कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी गाठीबद्दल. मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणातून उगवलेली गाठ. ती मेंदूला बाजूला ढकलते, सहसा त्यात घुसत नाही. तिथे ‘पूर्ण निघाली का’ या प्रश्नाला खरंच वजन आहे. १९५७ साली सिम्पसन यांनी मेनिंजिओमा किती काढला याच्या पाच पायऱ्या लावल्या, त्या आजही ऑपरेशन नोटमध्ये लिहिल्या जातात. पहिल्या पायरीत गाठ, ती चिकटलेलं आवरण आणि लगतचं बाधित हाड असं सगळं काढलेलं असतं. त्यांच्या पेशंटांत पहिल्या पायरीला साधारण ९ टक्के गाठी परत आल्या, दुसरीला १९ टक्के. खाली जावं तसा आकडा वाढतच गेला.

ग्लायोब्लास्टोमाचं, म्हणजे मेंदूच्या आतच उगवणाऱ्या आक्रमक कॅन्सरचं, गणित वेगळं. ही गाठ मेंदूत मुरलेली असते, भिंतीत ओल मुरावी तशी. एमआरआयवर दिसणारी कड ही तिची खरी कड नव्हेच. तरीही जास्तीत जास्त काढण्याचा फायदा होतो. त्यासाठी ५-एएलए नावाचं औषध भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी पाण्यात विरघळवून पाजतात, वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम. मायक्रोस्कोपच्या निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल चमकते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत या औषधामुळे पूर्ण काढलेल्या गाठींचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं आणि सहा महिने गाठ न वाढलेल्यांचं २१ वरून ४१ वर. एकूण आयुष्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. औषध घेतल्यावर २४ तास पेशंटला उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली ठेवायचं नाही, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते. खिडकीजवळची खाट मिळाली असेल तर पडदा ओढून घ्या.

‘पूर्ण निघाली’ हे सर्जनच्या डोळ्यांवरून ठरवायचं नसतं. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत काँट्रास्टचं इंजेक्शन देऊन एमआरआय करायचा. उशीर झाला की ऑपरेशनच्या जखमेच्या कडाही स्कॅनवर उजळतात, मग गाठ कुठली आणि जखम कुठली हे सांगता येत नाही. हा स्कॅन राहिला तर पुढच्या प्रत्येक स्कॅनची तुलना कशाशी करायची, हा घोळ कायमचा मागे लागतो. खर्च वाचवायला नेमका हाच स्कॅन गाळला जातो. माझ्या मते बाकी काहीही गाळा, हा गाळू नका.

आणि ‘पूर्ण’ कुठल्या किमतीला? बोलण्याच्या भागाजवळची गाठ असेल तर पेशंटला मधे जागं करून ऑपरेशन करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. कातडी बधिर केलेली असते. समोर चित्रं दाखवतात आणि पेशंट म्हणतो, ‘ही छत्री आहे’, ‘ही किल्ली आहे’. सर्जन बारीक विद्युतप्रवाहाने एकेक जागा चाचपतो. ‘ही... ही...’ वर बोलणं अडलं, की ती जागा सोडायची. आधी ‘ही’ म्हणायला लावतात ते मुद्दाम. ‘ही’ निघतंय पण वस्तूचं नाव सापडत नाही, तर शब्द अडलाय. ‘ही’सुद्धा निघत नसेल, तर वाचाच अडली आहे. घरी मराठी आणि कामावर इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्या माणसाची चाचणी त्या सगळ्या भाषांत व्हायला हवी. एका भाषेला धक्का लागतो आणि दुसरी शाबूत राहते, असं होतं. आदल्या दिवशी हे टीमला सांगणं घरच्यांचं काम. माणूस घरात कुठल्या भाषेत भांडतो हे केसपेपरवर नसतं.

पुढचा धागा पॅथॉलॉजीचा. ग्लायोमा म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ, ग्लायोब्लास्टोमा त्यातलाच. त्याच्या रिपोर्टवर फक्त ‘ग्रेड ४’ (सगळ्यात आक्रमक) लिहून चालत नाही. आयडीएच जनुकात बदल आहे का, १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गळालेत का, एमजीएमटी हे जनुक मिथायलेटेड (रासायनिक कुलूप लागून बंद) आहे का, हे पाहावं लागतं. २००५ सालच्या मोठ्या चाचणीत रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी दिल्यावर ग्लायोब्लास्टोमाचे निम्मे पेशंट १४.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले. नुसत्या रेडिएशनवर हा आकडा १२.१ होता. एमजीएमटी मिथायलेटेड असलेल्यांत, गोळी मिळाली तर, तो २१.७ पर्यंत गेला. एकाच सर्जनने सारख्याच सफाईने काढलेल्या दोन गाठींचं पुढे इतकं वेगळं का होतं, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. दुसऱ्या मतासाठी परळला टाटा हॉस्पिटलात जाताना लोक फाइल आणि सीडी नेतात आणि गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक विसरतात. ब्लॉकशिवाय या तपासण्या होत नाहीत. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड सही करून आधीच घ्या.

एक सापळा ऑपरेशनच्या आधीचा. स्कॅनवर मेंदूत सूज दिसली की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू होतं आणि पेशंट दोन दिवसांत चालू-बोलू लागतो. पण गाठ लिंफोमाची (पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरची) असेल तर याच औषधाने ती विरघळल्यासारखी होते आणि बायोप्सीत काहीच सापडत नाही. स्कॅनवर लिंफोमाचा संशय असेल आणि पेशंट तग धरून असेल, तर बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड थांबवून ठेवतात. गावातल्या डॉक्टरांनी काही सुरू केलं असेल तर ती चिठ्ठी सोबत असू द्या.

ऑपरेशनच्या दिवशी पेशंट कसा आहे, यावर पुढचं फार अवलंबून असतं. त्यासाठी कार्नोफ्स्की नावाची ० ते १०० ची मोजपट्टी आहे. ७० म्हणजे कामधंदा जमत नाही, पण आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः होतं. ७० च्या वरचे आणि खालचे यांच्या निकालात मोठी दरी असते. वयापेक्षाही कधी कधी हाच आकडा जास्त बोलतो.

आता खाटेशेजारचं. पहिले सहा तास धोक्याचे. कवटीत रक्त साचलं तर बहुतेक वेळा याच काळात कळतं. डोकं जास्त दुखणं, पुन्हा पुन्हा उलटी, हाक मारल्यावर मघाशी डोळे उघडत होते ते आता न उघडणं. ‘दमलाय, झोपू दे’ हे या रात्री म्हणायचं नाही. नर्स दर तासाला उठवते ती यासाठीच.

पहिला घोट पाणी हा दुसरा नाजूक प्रसंग. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातल्या ऑपरेशनानंतर गिळण्याच्या नसा काही दिवस सुस्त असतात. घरून आणलेली पेज आडव्या पेशंटच्या तोंडात चमच्याने सोडली की ती सरळ फुप्फुसात जाऊ शकते, आणि न्यूमोनिया होतो. आधी पाठ सरळ करून बसवायचं. एक छोटा चमचा पाणी द्यायचं. ठसका लागतो का बघायचं आणि मग ‘आ’ म्हणायला सांगायचं. आवाज घशात पाणी असल्यासारखा गुरगुरला तर थांबा आणि कळवा. पण ठसका न लागताही पाणी फुप्फुसात उतरू शकतं, तेव्हा हिरवा कंदील वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सनेच द्यायला हवा.

सगळ्यात जास्त गोंधळ स्टेरॉइडचा. ऑपरेशनच्या सुमारास डेक्सामेथासोन बऱ्याचदा ४ मिलिग्रॅम दर सहा तासांनी असतं. नंतर ते पायरी पायरीने उतरवायचं असतं. डिस्चार्ज कार्डवर हे एका ओळीत, घाईच्या अक्षरात लिहिलेलं असतं. मग दोन गोष्टी होतात. एका घरी गोळ्या संपल्या म्हणून एकदम बंद होतात. सूज परत येते, आणि आठवडेच्या आठवडे चाललेलं औषध असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइडही झोपलेलं असल्याने माणूस गळून जातो, बीपी उतरतं. दुसऱ्या घरी ‘यानेच बरं वाटतं’ म्हणून त्याच गोळ्या दोन महिने चालू राहतात. साखर चढते, जखम भरत नाही, तोंड आलेलं असतं. आणि एक दिवस पेशंटला जमिनीवरून उठता येत नाही. पाट सोडून खुर्ची लागते, भारतीय संडासात बसलं की हात धरून उठवावं लागतं. घरचे घाबरतात, गाठ परत आली म्हणतात. हाताच्या पकडीत जोर आहे, पावलं हलतात, फक्त दोन्ही मांड्या सारख्याच गेल्यात, असं असेल तर पहिला संशय स्टेरॉइडवर घ्यायचा. डोस उतरला की आठवड्या-महिन्यांनी मांड्या परत येतात. तारीखवार तक्ता डॉक्टरांकडून मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. दिवसाचा शेवटचा डोस दुपारीच घेता येईल का, तेही विचारा. रात्रीच्या डोसाने झोप उडते.

आकडीच्या गोळीचं थोडक्यात. ज्याला कधीच फिट आली नाही त्याला लेव्हेटिरासेटाम सहसा आठवडाभराने बंद करता येतं. ही गोळी काहींना फार चिडचिडं करते. ‘ऑपरेशननंतर स्वभावच बदलला’ या तक्रारीमागे कधी कधी गोळी असते. स्वतःहून मात्र बंद करू नका.

पिट्यूटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या, ऑपरेशनांत (ती बहुधा नाकातून होतात) रक्तातलं सोडियम बघायचं. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी पाण्यासारखी पांढरी आणि तासाला पाव लिटरच्या वर जाऊ लागली की शरीर पाणी धरत नाहीये. त्यानंतर, चौथ्या ते दहाव्या दिवसात, काहींचं उलटं होतं: शरीर पाणी सोडत नाही आणि सोडियम खाली येतं. पेशंट तोवर घरी असतो. भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी, सरबत, ‘भरपूर पाणी पी’ असा आग्रह करतो. तोच घातक. मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं दिसलं की त्याच दिवशी सोडियम तपासा. बीपीचं म्हणून मीठ बंद केलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सातव्या दिवसाच्या आसपास एक सोडियम ठरवूनच करावं, स्वस्तातलं काम आहे. खाली आलेलं सोडियम घाईने वरही न्यायचं नसतं, २४ तासांत ८ ते १० मिलिमोल प्रति लिटरच्या पुढे नाही. नाहीतर मेंदूला वेगळीच इजा होते. घरी मीठपाणी पाजून हे निस्तरत नाही.

नाकातून एका बाजूने पाण्यासारखं थेंब थेंब, खारट, वाकल्यावर जास्त, असं येत असेल तर ती सर्दी समजू नका, मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तेल लावून चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते. ग्लायोमात हा धोका बराच असतो. म्हणूनच डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी खाटेवरून उतरवतात.

मज्जारज्जूच्या गाठींत एक नियम बाकी सगळ्यांना पुरून उरतो: ऑपरेशनला चालत गेलेला माणूस चालत राहण्याची शक्यता जास्त. हाडात पसरलेल्या कॅन्सरने रज्जू दाबला गेला तर काय करावं, यावर २००५ साली चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. दोन्ही मिळालेल्यांत निम्म्यांचं चालणं १२२ दिवसांपेक्षा जास्त टिकलं, नुसत्या रेडिएशनवर हा आकडा १३ दिवस होता. दोन्ही पाय जाऊन ४८ तासांपेक्षा जास्त झालेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. कॅन्सरच्या पेशंटची पाठ रात्री आडवं झाल्यावर जास्त दुखू लागली आणि पाय जड वाटले, तर ‘सोमवारी दाखवू’ म्हणायचं नाही.

रज्जूच्या आतली गाठ, एपेंडिमोमा किंवा अ‍ॅस्ट्रोसायटोमा, काढायला रज्जू मागून मधोमध उघडावा लागतो. एपेंडिमोमाला बहुधा सोलता येईल अशी कड असते, अ‍ॅस्ट्रोसायटोमाला बहुधा नसते, आणि निकालातला फरक तिथून सुरू होतो. ऑपरेशनभर नसांचे सिग्नल पाहतात. डी-वेव्ह, म्हणजे मेंदूकडून रज्जूत उतरणारा हालचालीचा सिग्नल, निम्म्याहून जास्त टिकून असेल तर जागं झाल्यावरचा लुळेपणा सहसा तात्पुरता ठरतो. पण शक्ती शाबूत असूनही पेशंट झिंगल्यासारखा चालतो, कारण पाऊल कुठे आहे ही जाणीव नेणाऱ्या तारा नेमक्या त्या मधल्या रेषेशेजारून जातात. अंधारात जास्त त्रास होतो, डोळे मदतीला नसतात. घरी रात्री संडासाच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवा. सुधारणा आठवड्यांत आणि महिन्यांत मोजायची.

पायांत संवेदना नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, आणि टाचा व माकडहाड रोज उजेडात बघायचे. दाबल्यावर पांढरा न होणारा लाल डाग ही बेडसोअरची सुरुवात. लघवी अडत असेल तर कायमची नळी ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने रिकामी करणं बरं. एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त निघू लागली तर मधलं अंतर कमी करायचं. वही ठेवा. वेळ, आपणहून किती झाली, नळीने किती निघाली, एवढे तीन रकाने पुरतात.